जुनं मराठी डीटीपी न गमावता विंडोज ११वर कसं जायचं

दिवाळीच्या तोंडावर आमच्या बाजारपेठेतले एक प्रेसवाले काका पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आले. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "ताई, विंडोज नवीन टाकलं आणि माझं मराठी गेलं." फाईल उघडून बघितली. लग्नपत्रिका होती. गणपतीचं चित्र जागेवर, वेलबुट्टीची चौकट जागेवर, आणि श्री गणेशाय नमः असायला हवं तिथे कंस, टक्क्याची खूण आणि इंग्रजी अक्षरांची एक लांबलचक रांग. मुहूर्ताच्या ओळीतही तेच.

त्यांचं मराठी गेलेलं नव्हतं. फॉन्ट गेला होता. ज्या मुलाने विंडोज टाकून दिलं, त्याने विचारलं होतं, "काका, तुमचा डेटा कुठे आहे?" काकांनी सांगितलं, डी ड्राइव्हला. मग डी ड्राइव्ह जपला आणि सी ड्राइव्ह फॉरमॅट केला. फॉन्ट असतात सी ड्राइव्हवर, विंडोजच्या फोल्डरात. वीस वर्षांत गोळा झालेले फॉन्ट दहा मिनिटांत पुसले गेले. मुलाची चूक म्हणता येत नाही आणि काकांचीही नाही. कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे. टायपिंग-डीटीपीची (कॉम्प्युटरवर छपाईची पानं तयार करण्याची) लहान दुकानं, छापखाने, वकिलांची आणि शाळांची ऑफिसं अशा ठिकाणी जुनं मराठी सॉफ्टवेअर अजून रोज पोटापाण्याला लागतं. विंडोज १०ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. नाव नोंदवलेल्या घरगुती कॉम्प्युटरांना सुरक्षेची जादा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत जाहीर झाली आहेत. म्हणजे बदल करायचाच आहे, पण घाईत करण्याची गरज नाही. सुरुवात करायला एक निवांत रविवार काढा. लग्नसराईत किंवा दिवाळी अंकाच्या दिवसांत या कामाला हात लावू नका.

आधी आपल्याकडे काय आहे ते बघा

विंडोजची खूण असलेलं बटण आणि आर हे अक्षर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल, तिच्यात विनव्हर टाइप करा: डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर. कोणतं विंडोज आहे ते समजेल. मग सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट, आणि तिथे 'सिस्टिम टाइप'. ही ओळ नीट वाचा. ३२ बिट लिहिलंय की ६४ बिट?

माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वांत महत्त्वाची माहिती ही एवढीच. लोक विचारतात, "माझं सॉफ्टवेअर विंडोज ११वर चालेल का?" खरा उंबरठा विंडोज १० आणि ११ यांच्यामध्ये नाहीच. तो ३२ आणि ६४ बिटच्या मध्ये आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम अजिबात चालत नाहीत. त्यात विंडोजच्या आधीच्या डॉसवरचे फॉक्सप्रोचे हिशेब आले आणि विंडोज ३.१च्या काळातली सॉफ्टवेअरही आली. ३२ बिटचे प्रोग्रॅम मात्र चालतात, त्यासाठी विंडोजच्या पोटात वेगळी सोय असते. तेव्हा आज तुमच्याकडे ६४ बिटचं विंडोज १० असेल आणि त्यावर तुमचं जुनं सॉफ्टवेअर सुरळीत चालत असेल, तर ते ११वरही चालण्याची शक्यता खूप आहे. आज ३२ बिट असेल तर सावध व्हा. ३२वरून ६४वर 'अपग्रेड' होतच नाही, नव्याने इन्स्टॉल करावं लागतं. विंडोज ७वरून थेट ११वर जातानाही तेच, प्रोग्रॅम टिकत नाहीत.

मशीन विंडोज ११ला चालेल का हे बघायला मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप आहे. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना अनोळखी प्रोग्रॅम अडवणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या सांभाळणारी सोय) लागतं. ४ जीबीवर विंडोज उठतं, पण पानं लावायला आणि फोटो बसवायला बसलात की ८ जीबीशिवाय भागत नाही. ॲपने टीपीएम नाही असं सांगितलं तरी लगेच मशीन भंगारात काढू नका. कित्येक मदरबोर्डवर ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने शोधा.

मशीन बसत नसेल तर तपासणी चुकवून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या बाजारात चालतात. घरी शिकण्यापुरतं ठीक आहे. ज्या मशीनवर गिऱ्हाइकाचं काम चालतं, त्यावर करू नका. पुढचं मोठं अपडेट येईल तेव्हा ते बसेल याची हमी कुणी देत नाही. २४एच२ या आवृत्तीपासून तर फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ सुरूच होत नाही.

प्रत्येक सॉफ्टवेअरला एकच प्रश्न विचारा

वही घ्या. त्या मशीनवर असलेलं प्रत्येक जुनं सॉफ्टवेअर लिहा आणि त्याच्यापुढे या प्रश्नाचं उत्तर लिहा: हे मला नवीन काम करायला लागतं, की फक्त जुन्या फाइली उघडायला?

हा फरक केला की निम्मी भीती जाते. पानं लावायच्या पेजमेकरचंच घ्या. पेजमेकर ७ आलं २००१ साली आणि त्यानंतर पुढची आवृत्ती निघाली नाही. त्याला युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, कळत नाही, म्हणून मराठीसाठी त्याच्याबरोबर श्रीलिपी, आयएसएम, आकृती यांसारखी फॉन्ट आणि टायपिंगची पॅकेजेस वापरावी लागली. आपल्याकडचे हजारो अंक, पुस्तकं, पत्रिका अशाच झाल्या. आज तुम्ही नवीन काम इनडिझाइनमध्ये किंवा कोरलमध्ये करत असाल आणि पेजमेकर फक्त जुना मजकूर बघायला ठेवलं असेल, तर ते नव्या मशीनवर चाललंच पाहिजे असा हट्ट कशाला? त्या फाइली आताच, जुनं मशीन जिवंत आहे तोवर, फॉन्ट आत बसवून पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट बसला की पुढे तो कोणत्याही मशीनवर, अगदी मोबाइलवरही, जशाच्या तसा दिसतो. कोरलमधली काही कामं तशीच्या तशी पुन्हा छापायची असतील तर अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसत्या चित्ररेषा, करून वेगळी प्रत ठेवा. मूळ फाईल तशीच राहू द्या, कारण कर्व्ह केलेला मजकूर पुन्हा दुरुस्त करता येत नाही.

पण नवीन काम आजही त्याच जुन्या सॉफ्टवेअरवर होत असेल, तर त्याच्या पुढच्या रकान्यात तीन गोष्टी लिहा: ते कुठून इन्स्टॉल झालं, त्याची चावी किंवा सीरियल नंबर कुठे आहे, आणि त्याला डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी मशीनला लावून ठेवायची छोटी चावीवजा वस्तू) लागतो का. चावी बहुतेक वेळा सीडीच्या पाकिटावरच छापलेली असते. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सीडीची आयएसओ फाईल, म्हणजे अख्ख्या सीडीची जशीच्या तशी एक फाईल, करून घ्या, कारण नव्या मशीनला सीडी ड्राइव्ह नसतो आणि जुन्या सीडीला दरवर्षी नवे ओरखडे पडतात. ऑनलाइन ॲक्टिव्हेशन लागणारं सॉफ्टवेअर असेल तर जुन्या मशीनवरून ते आधी रीतसर डिॲक्टिव्हेट करा. ॲक्टिव्हेशनची यंत्रणाच कंपनीने बंद केली असेल, तर ते नव्या मशीनवर सुरू होणार नाही असं धरूनच चाला.

फॉन्ट गोळा करणं

इथे मी जरा थांबणार आहे, कारण काकांचं नुकसान इथेच झालं.

फॉन्ट तीन ठिकाणी लपलेले असतात. पहिली जागा सगळ्यांना माहीत असते: सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स. हे फोल्डर उघडा, मराठी फॉन्ट निवडा, कॉपी करा आणि पेन ड्राइव्हवर पेस्ट करा. दुसरी जागा फार कमी लोकांना ठाऊक आहे. विंडोज १०च्या अलीकडच्या आवृत्त्यांत नुसतं 'इन्स्टॉल' म्हटलं की फॉन्ट त्या एका युजरपुरता बसतो आणि त्या युजरच्या ॲपडेटा फोल्डरात जातो: तिथे लोकल, त्यात मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स. ॲपडेटा हे फोल्डर एरवी दिसतच नाही. फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत 'हिडन आयटम्स'वर खूण करा, मग दिसेल. तिसरी जागा म्हणजे सॉफ्टवेअरचं स्वतःचं फोल्डर. काही पॅकेजेस फॉन्ट तिथेच ठेवतात.

टाइप १ या जुन्या जातीचे फॉन्ट असतील तर एका फॉन्टच्या दोन फाइली असतात, पीएफबी आणि पीएफएम. दोन्ही घ्या, एकीचा उपयोग नाही. शिवाय हे लक्षात असू द्या की ॲडोबीने आपल्या प्रोग्रॅममधून टाइप १चा आधार जानेवारी २०२३मध्ये काढून घेतला. नव्या इनडिझाइनमध्ये हे फॉन्ट दिसणार नाहीत. त्याच पॅकेजमध्ये ट्रूटाइप या दुसऱ्या जातीचा संच असतो का ते बघा, पुष्कळदा असतो.

फॉन्ट मिळाले म्हणजे मराठी बघता आणि छापता येईल. टाइप करता येईलच असं नाही. की दाबल्यावर कोणतं अक्षर उमटायचं हे ठरवणारा प्रोग्रॅम वेगळा असतो. टास्कबारच्या कोपऱ्यात ज्याचं छोटं चिन्ह दिसतं, तोच तो. नुसते फॉन्ट नेले आणि हा राहिला, तर जुनी पत्रिका नीट दिसेल पण त्यातलं नवरदेवाचं नाव बदलता येणार नाही.

नव्या मशीनवर फॉन्ट टाकताना राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा. जुन्या प्रोग्रॅमना युजरच्या फोल्डरातले फॉन्ट कित्येकदा दिसत नाहीत.

डोंगल आणि प्रिंटर

मशीनच्या मागे लांब, पंचवीस पिनांच्या पोर्टला लावलेला डोंगल असेल तर तो पॅरलल पोर्टचा. नव्या मशीनला तसा पोर्ट नसतो. बाजारात यूएसबी ते पॅरलल अशी केबल मिळते, ती घेण्यात पैसे घालवू नका. ती प्रिंटरसाठी बनवलेली असते आणि तिच्यावर डोंगल सहसा ओळखला जात नाही. सॉफ्टवेअरच्या कंपनीला किंवा विक्रेत्याला फोन करून जुना डोंगल परत देऊन यूएसबीचा मिळेल का ते विचारा. बिल जवळ ठेवा.

यूएसबीचा डोंगल असेल तर पोर्टची अडचण नाही, ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला ती वस्तू चालवता यावी म्हणून लागणाऱ्या प्रोग्रॅमची आहे. ६४ बिट विंडोजला ड्रायव्हरही ६४ बिटचा आणि डिजिटल सही असलेला लागतो. सीडीवरचा जुना ड्रायव्हर टाकू नका, डोंगल बनवणाऱ्या कंपनीचा नवा शोधा आणि अपग्रेडच्या आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.

प्रिंटरचंही तसंच. आपल्याकडे दुकानोदुकानी दिसणारे लेझरजेट १०२० किंवा एलबीपी २९०० यांच्यासारखे प्रिंटर स्वतः फार विचार करत नाहीत, पान तयार करण्याचं काम कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो. ड्रायव्हर नाही तर प्रिंटर म्हणजे नुसता डबा. मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का ते आधी बघा.

नवा लॅपटॉपच घेणार असाल तर एक सूचना. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप हलके असतात, बॅटरीही खूप टिकते, पण ते आर्म जातीचे आहेत. त्यांच्यावर साधे जुने प्रोग्रॅम चालवता येतात, जुने ड्रायव्हर मात्र चालत नाहीत. डोंगलवर ज्यांचं काम अवलंबून आहे त्यांनी इंटेल किंवा एएमडीचाच लॅपटॉप घ्यावा.

जुन्या डिस्कला हात न लावता

बॅकअपच्या पुष्कळ पद्धती आहेत. नवख्या माणसाला मी एकच सांगते: नवी एसएसडी विकत घ्या, जुनी डिस्क काढून कपाटात ठेवा आणि नवं विंडोज नव्या एसएसडीवर टाका. काहीही बिनसलं तर जुनी डिस्क परत लावायची आणि त्याच संध्याकाळी काम सुरू. काढलेल्या डिस्कवर तारीख आणि मशीनचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.

यात दोन खाचखळगे आहेत. जुनं विंडोज 'लेगसी' या जुन्या पद्धतीने सुरू होत असेल तर विंडोज ११साठी बायोसमध्ये यूईएफआय ही नवी पद्धत करावी लागते. जुनी डिस्क परत लावाल तेव्हा तेही परत फिरवावं लागेल. आज कोणती पद्धत आहे हे 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड' या ओळीत दिसतं. बायोसच्या त्या पडद्याचा बदल करण्याआधी फोटो काढा. दुसरं, डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर बायोसला हात लावण्याआधी तिची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. नव्याने टाकलेल्या विंडोज ११मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत गेलात की हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागतं. नवी डिस्क उद्या दुसऱ्या मशीनला लावायची वेळ आली आणि की नसेल, तर तुमच्याच फाइली तुम्हाला उघडता येणार नाहीत.

नवी एसएसडी घेणं जमत नसेल आणि ६४ बिट विंडोज १०वरूनच जायचं असेल, तर तिथल्या तिथे अपग्रेड करता येतं. फाइली, प्रोग्रॅम, फॉन्ट सगळं राहतं. पण आधी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण प्रत घ्या. कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज ७)' या नावाची जुनी सोय अजून आहे, तीत सिस्टिम इमेज करता येते. फक्त डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप उचलू नका, युजरचं अख्खं फोल्डर ॲपडेटासकट घ्या. जुने प्रोग्रॅम आपली शब्दसूची किंवा सेटिंग प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला जातात. विंडोज त्यांना तिथे लिहू देत नाही आणि गुपचूप ॲपडेटामधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर'मध्ये ठेवतं. वर्षानुवर्षं जमवलेली गावांची आणि आडनावांची यादी नेमकी तिथे सापडते.

अपग्रेडनंतर दहा दिवसांपर्यंत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'गो बॅक' या वाटेने मागे येता येतं. तोवर जागा मोकळी करायच्या नादात 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर काढून टाकू नका, मागे येण्याची वाट त्याच्यातूनच जाते. म्हणून अपग्रेड झाल्यावर पहिल्या दोन दिवसांतच सगळं तपासा.

तपासणी

माझा क्रम असा असतो. आधी फॉन्ट, मग जुनी फाईल उघडून बघणं, मग चार ओळी टाइप करणं, आणि शेवटी कागदावर प्रिंट. पडद्यावर बरोबर दिसलेलं जोडाक्षर कागदावर तुटलेलं मी बघितलं आहे. फाइलींची प्रत करूनच उघडा. पेजमेकर फॉन्ट सापडला नाही तर बदली फॉन्ट सुचवणारी चौकट दाखवतं. ती आली तर फाईल सेव्ह न करता बंद करा, आधी फॉन्ट टाका, मग पुन्हा उघडा.

मराठीची अर्धी अक्षरं बरोबर आणि अर्धी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन उघडा, त्यात ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, आणि 'चेंज सिस्टिम लोकेल'. तिथे जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरण्याची बीटा खूण असते. ती काढा आणि भाषा इंग्रजी ठेवा. ऐकायला उलटं वाटेल, पण जुनं मराठी सॉफ्टवेअर स्वतःला इंग्रजीच समजत असतं. ते का, हे पुढे सांगते.

प्रोग्रॅम सुरूच होत नसेल तर त्याच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी. आधी विंडोज ७ निवडून बघा, मग एक्सपी सर्व्हिस पॅक ३. तरी नाही तर खालची 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' ही खूण करा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने चाललं ते समजत नाही. नव्या स्क्रीनवर मेनू मुंगीएवढे दिसत असतील तर त्याच पानावर 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'मध्ये स्केलिंग 'सिस्टिम (एनहान्स्ड)' करा. डॉट नेट ३.५ मागितलं तर 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मधून चालू करा, कुठल्या तरी अनोळखी साइटवरून उतरवू नका.

डोंगल ओळखला जात नसेल तर विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे बघा. मेमरी इंटेग्रिटी, म्हणजे धोक्याचे ड्रायव्हर अडवणारी सोय, हिच्या आड येणाऱ्या ड्रायव्हरची नावं तिथे दिसतात. ती सोय बंद केली की जुना ड्रायव्हर चालू शकतो, पण मशीनचं एक संरक्षण कमी होतं. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात त्यावर मी ती बंद करत नाही.

मंगल फॉन्टमध्ये केलेली जुनी पत्रं वेगळीच दिसायला लागली तर घाबरू नका. विंडोज ११मध्ये देवनागरीसाठी निर्मला हा फॉन्ट मुळात असतो. मंगल, कोकिळा, अपराजिता हे 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स या नावाखाली मिळतात, मोफत.

जे चालणारच नाही त्याचं काय

डॉसवरचे हिशेब डॉसबॉक्स या मोफत प्रोग्रॅममध्ये चालवता येतात. डॉट मॅट्रिक्सवर प्रिंट काढायची असेल तर त्याचाच भाऊबंद असलेला डॉसबॉक्स-एक्स बघा. नुसते आकडे हवे असतील तर फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली लिबरऑफिस कॅल्कमध्ये सरळ उघडतात. लिबरऑफिस ड्रॉ पेजमेकरच्या फाइलीही उघडतं. मांडणी थोडी हलते, मजकूर हाती लागतो.

विंडोजवरचं सॉफ्टवेअर अडून बसलं असेल तर व्हर्च्युअल मशीन. व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे, त्यात जुनं विंडोज एका खिडकीत चालतं आणि यूएसबी डोंगलही आत जोडता येतो. मूळ मशीनला ८ जीबी रॅम हवीच, आणि त्या जुन्या विंडोजचं स्वतःचं लायसन्स हवं. आतल्या एक्सपीला इंटरनेट देऊ नका, नेटवर्क कार्डच काढून टाका. त्याला ८ एप्रिल २०१४नंतर नियमित सुरक्षा अपडेट्स मिळालेली नाहीत.

हेही जड वाटत असेल तर जुनं मशीनच कोपऱ्यात ठेवा, नेटची केबल काढून. फाइली पेन ड्राइव्हने न्या-आणा आणि प्रत्येक वेळी नव्या मशीनवर तो स्कॅन करा. यात कमीपणा काही नाही. मात्र ते मशीन एक दिवस उठणार नाही, आणि त्या दिवसाच्या आत पुढचं काम उरकायला हवं.

मजकूर युनिकोडमध्ये आणणं

जुन्या फॉन्टमध्ये मराठी साठवलेलंच नसतं. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द टाइप केला की कॉम्प्युटर प्रत्यक्षात पाच इंग्रजी अक्षरं साठवतो: ई, जे, के, मोठा बी आणि एच. फॉन्ट त्यांच्यावर मराठीचे मुखवटे चढवतो. ई दिसते म सारखी, जे दिसतो र सारखा. मुखवटा काढला की खालची इंग्रजी उघडी पडते. काकांच्या पत्रिकेचं हेच झालं होतं. आणि प्रत्येक कंपनीचे मुखवटे वेगळे, म्हणून श्रीलिपीतला मजकूर कृतिदेव लावून वाचता येत नाही.

रूपांतर करणारी साधनं मिळतात, पॅकेजबरोबर येतात आणि इंटरनेटवरही आहेत. फक्त आपला फॉन्ट कोणता ते नेमकं निवडा. गिऱ्हाइकाची खासगी कागदपत्रं मात्र अनोळखी वेबसाइटवर चिकटवू नका. रूपांतर झाल्यावर डोळ्यांनी वाचावंच लागतं, आणि चुका ठरावीक जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार उलटा: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. साधन या दोन्ही उड्या मारताना जोडाक्षरावर अडखळतं. हिंदीसाठी बनवलेली साधनं आपला ऱ्य आणि ळ बिघडवतात, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' करून ठेवतात. मी प्रत्येक साधनाला आधी एक वाक्य घालते: 'कार्यकर्त्यांच्या दुसऱ्या वर्षीच्या निर्णयामुळे शाळेतील ॲडमिशनची स्थिती बदलली.' हे निभावलं तरच पुढची पानं देते.

सगळं एकदम करायला जाऊ नका. पुन्हा लागणारा मजकूर आधी: मंगलाष्टकं, पत्रिकांचे मायने, शाळेचे दाखले, भाडेकराराचे नमुने. बाकीचं पीडीएफ करून राहू द्या.

काकांच्या पॅकेजची सीडी शेवटी त्यांच्या घरच्या कपाटात, जुन्या बिलांच्या फाइलीत सापडली. दोन मशीनवर वाचली गेली नाही, तिसऱ्यावर वाचली गेली. फॉन्ट टाकले, पत्रिका उघडली आणि वर ठळक अक्षरांत श्री गणेशाय नमः उमटलं. काकांनी खिशातून चष्मा काढून मुहूर्ताची ओळ दोनदा वाचली. मग आम्ही त्या सीडीची आयएसओ केली, पाकिटावरच्या चावीचा फोटो काढला, आणि एक प्रत त्यांच्या मुलाच्या मशीनवर पाठवून दिली.